खळीच्या पेटीतला परवाना

जेथ्रो पेल पकडला गेला तो चोरी करताना नव्हे, चोरलेली वस्तू परत ठेवताना. आता या माणसाला काय म्हणावं? आमच्या पॅरामाटात निम्मी वस्ती चोरांचीच. कुणी शाल उचललेली, कुणी चमचे ढापलेले, कुणी दुसऱ्याची मेंढी आपली समजून घरी नेलेली. इंग्लंडातल्या कोर्टाने प्रत्येकाला सात नाहीतर चौदा वर्षं ठोठावून, बोटीत घालून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, इकडे न्यू साउथ वेल्सच्या कैद्यांच्या वसाहतीत धाडलेलं. संध्याकाळी दारात बसून जो तो आपापली चोरी सांगायचा, आणि थोडी वाढवूनच सांगायचा. पण जेथ्रोची हकिगत ऐकली की भलेभले कपाळाला हात लावायचे.

झालं होतं ते असं. तो तिकडे ग्लॉस्टरशरमधल्या एका खेड्यात मालाच्या घोडागाड्यांवर हमाल होता. त्या हिवाळ्यात बर्फाने रस्ते बंद झाले, काम बंद झालं, आणि घरात शिजवायला काही उरलं नाही. गावच्या खानावळीच्या धुराड्यात डुकराची मांडी धुरी द्यायला टांगलेली असायची. जेथ्रोने ती काढली आणि तिच्या जागी पेंढा भरून, काजळी फासून एक लांब मोजा टांगला. तीन आठवडे कुणाला पत्ता नाही. पण ती मांडी घरच्या भांड्यात मावेना, म्हणून खानावळीच्या मागच्या दाराशी टांगलेला मोठा हंडाही तो घेऊन आला होता. मांडी खाऊन झाली. हंड्याचं काय करायचं? दुसऱ्याची वस्तू घरात ठेवून त्याला झोप लागेना. तो हंडा परत खिळ्याला अडकवायला गेला आणि खानावळवाली समोर उभी. तिने कोर्टात शपथेवर सांगितलं की वीस वर्षांत आपला हंडा इतका लख्ख घासलेला आपण कधी पाहिला नाही. लोक हसले. न्यायाधीशही हसला म्हणतात, आणि हसत हसत त्याने सात वर्षं काळं पाणी दिलं.

हंडा घासला होता थर्झाने, त्याच्या बायकोने. तिला बिचारीला काय ठाऊक? खानावळवालीने मांडी आणि हंडा दोन्ही उसने दिले, असं जेथ्रोने सांगितलं आणि तिने ते खरं मानलं. थर्झा म्हणजे बाजारात तराजूत एक बटाटा चुकून जास्त पडला तर अर्ध्या वाटेवरून परत जाऊन देणारी बाई. लबाडी करायला जी थोडी अक्कल लागते ती देवाने तिला दिलीच नव्हती. तिने वाळू आणि राख घेऊन हंडा घासला, कारण उसनं भांडं घासून द्यावं असं तिच्या आईने तिला शिकवलं होतं. नवऱ्याला बेड्या घालून नेला तेव्हा तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती, की आपण जरा कमी घासला असता तर.

त्यानंतर चौदा महिने तिने लोकांचं धुणं धुतलं, घरातलं होतं नव्हतं ते विकलं, आणि सोळा आठवडे बोटीत ओकत ती नवऱ्याच्या मागे आली. नदीकाठी एक दोन खोल्यांची झोपडी घेऊन तिने परिटाचं काम सुरू केलं. मग कचेरीत अर्ज दिला.

अर्जाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण सगळी कथा तिथूनच वाकडी होते. आमच्याकडे कायदा असा, की जो कैदी नाही अशा कुणालाही सरकारकडे नोकर म्हणून कैदी मागता येतो. पगार द्यायचा नाही. खायला घालायचं, वर्षाला दोन जोड कपडे आणि एक घोंगडी द्यायची. आणि बायको जर मोकळी असेल, तर तिला आपला कैदी नवराच नोकर म्हणून मागता येतो. थर्झाने तो मागितला. डुकरं पाळणाऱ्या एका शेतकऱ्याकडे जेथ्रो राबत होता, तिथून सरकारने त्याला काढून तिच्या हवाली केला. कागदावर लिहिलं, मालकीण थर्झा पेल, नोकर जेथ्रो पेल. नोकराने मालकिणीच्या लेखी चिठ्ठीशिवाय घर सोडायचं नाही, अंधार पडायच्या आत परत यायचं, उलट बोलायचं नाही. चुकला तर मालकिणीने मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करायची. आता तुम्हीच सांगा, असल्या कागदावर संसार करायचा तरी कसा!

आठ-दहा दिवस दोघांना त्याची मजाच वाटली. गिऱ्हाईक दारात आलं की जेथ्रो टोपी काढून, कमरेत वाकून विचारायचा, "मालकीणबाई, टोपली कुठे ठेवू म्हणता?" आणि गिऱ्हाईक गेलं की तिला चिमटा काढायचा. पण गाव थोडंच गप्प बसतं? शेजारची नोरा, आयर्लंडची, कधीकाळी एका शालीपायी आलेली आणि आता शिक्षा संपवून मटणाचे पाव विकणारी, ती कुंपणावरून विचारायची, की काय गं, तुझा नोकर रात्री पाय दाबतो का तुझे? दारूच्या गुत्त्यावर तर काय काय बोलत असतील, देव जाणे. हळूहळू जेथ्रोचं वाकणं कमी झालं आणि "मालकीणबाई" म्हणताना त्याचा आवाज रुक्ष व्हायला लागला.

पहिल्याच नाताळच्या सुमारास, म्हणजे इकडच्या भर उन्हाळ्यात, व्हायचं ते झालं. त्याच्या बोटीवरचा सोबती एमोस गावात आला होता. दोघे गुत्त्यात बसले, वेळेचं भान राहिलं नाही, आणि अंधारात चिठ्ठीशिवाय हिंडताना शिपाई डॅगेटने जेथ्रोला धरलं. सकाळी मॅजिस्ट्रेटने थर्झाला बोलावून विचारलं, या नोकराविरुद्ध तुमची तक्रार आहे का? नाही म्हणावं, तर हिला नोकर आवरत नाही असं लिहून त्याला काढून घेणार आणि पायात बेड्या घालून रस्त्याच्या टोळीत खडी फोडायला पाठवणार. हो म्हणावं, तर शिक्षा तिच्या तोंडून होणार. सगळ्यांसमोर, नवऱ्याकडे न बघता, ती हो म्हणाली. जेथ्रोला सहा तास खोड्यात बसवलं.

खोडा बाजाराच्या कोपऱ्यावर. त्या दिवशी नेमकं तिचं कपडे पोचवायचं काम, आणि जायचा रस्ता तोच. दोन वेळा ती तिथून मान खाली घालून गेली. तिसऱ्या वेळी राहवलं नाही, तांब्याभर पाणी घेऊन ती त्याच्यापाशी गेली. पाय लाकडात अडकलेले, तोंड उन्हाने लाल झालेलं. तो घटाघटा पाणी प्यायला, तांब्या परत दिला आणि म्हणाला, "उपकार झाले, मालकीणबाई." आसपास गिऱ्हाईक कुणी नव्हतं.

त्या संध्याकाळी तो एकदाच बोलला. परवाना हातात पडू दे, त्याच दिवशी मी डोंगरापलीकडे निघून जाईन, मेंढरांच्या मागे. तिथे मला कुणी ओळखत नाही.

परवाना म्हणजे काय, हे इथल्या कुठल्याही कैद्याला झोपेतून उठवून विचारा. चार वर्षं नीट वागलं, की शिक्षा संपायच्या आधीच सरकार एक कागद देतं. मग मालक नाही, चिठ्ठी नाही, हवं त्याच्याकडे काम करा, आपली कमाई आपण ठेवा. दुसऱ्या मुलखात जायचं म्हटलं तर अर्ज करून जाताही येतं. त्याचं ते डोंगराचं वाक्य थर्झाच्या पोटात जाऊन बसलं ते बसलंच. आई मागे राहिली, गाव मागे राहिलं, या अख्ख्या मुलखात आपलं म्हणायला तिला हा एक चोर होता, आणि तोही सरकारने कागदावर उसना दिलेला.

पुढे सगळं निवळलं. जेथ्रो धुण्याच्या कामात असा तरबेज झाला की काही विचारू नका. लष्करी अधिकाऱ्यांच्या सदऱ्यांच्या झालरींना तो अशी इस्त्री करायचा की बायका रस्त्यात थांबून बघायच्या. निळीने त्याची बोटं कायमची निळी झाली. कपडे कडक करायची खळ तेवढी त्याला जमत नसे, नेहमी गुठळ्या व्हायच्या, म्हणून खळीचं काम थर्झाकडे. खळीची पेटी मात्र जड, ती फळीवरून काढायला ती त्यालाच हाक मारायची. डोंगराचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. एमोसला परवाना मिळाला आणि तो मेंढरांच्या मुलखात गेला, तेव्हाही जेथ्रो नुसता हुं म्हणाला.

जेथ्रोची चार वर्षं भरली, त्या मार्च महिन्यात एका सकाळी डॅगेट दारात आला. जेथ्रो नदीवर कपडे खळबळत होता. डॅगेटने एक घडी घातलेला कागद थर्झाच्या हातात दिला आणि म्हणाला, "आला बघ तुझ्या माणसाचा परवाना. तूच दे हाताने, खूश होईल."

तिने वाचला. नाव, बोटीचं नाव, शिक्षा, उंची, डोळ्यांचा रंग, डाव्या भुवईवरचा व्रण. हा इसम पॅरामाटा भागात आपल्या मर्जीने राहू शकतो, असं लिहिलं होतं. खाली बारीक अक्षरांत आणखी बरंच काही होतं, पण तिची नजर मर्जी या शब्दापाशीच थांबली. कागद तिने एप्रनच्या खिशात घातला. दुपारी जेवताना द्यायचा, तिने मनाशी नक्की केलं. देवाशपथ, नक्की केलं होतं.

पण जेवताना जेथ्रो सांगायला लागला, की बैलगाडीवाल्याकडून एमोसचा निरोप आलाय. तिकडे हवा थंड आहे म्हणे, आणि मालक माणसाला माणूस म्हणून वागवतो. तो सहज बोलत होता, पावाचा तुकडा रश्श्यात बुडवत. थर्झाचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. उद्या देऊ, तिने ठरवलं.

उद्याचा परवा झाला. चौथ्या दिवशी तिने कागद मेणकापडात गुंडाळला, दोरीने बांधला आणि खळीच्या पेटीच्या तळाशी, खळीच्या पिठाखाली पुरला. गाठ तिची नेहमीची, धुण्याच्या गाठोड्याला मारायची ती, दोन वेढे आणि टोक आत खुपसलेलं. पंधरा दिवसांनी डॅगेट रस्त्यात भेटला आणि त्याने विचारलं, दिला ना? ती म्हणाली, दिला. बटाटा परत करणारी थर्झा! घरी येऊन ती पाटावर बसून राहिली, चुलीवरचं पाणी उकळून आटलं तरी तिला कळलं नाही.

मग सुरू झाली तिची चोरी सांभाळायची धडपड. दर रविवारी चर्चला निघायच्या आधी ती पेटी उघडून पिठात हात घालायची आणि गाठ चाचपून बघायची. गाठ होती तशी असे, आणि तिचा जीव भांड्यात पडे. चर्चमध्ये पाद्री चोरीवर बोलायला लागला की सगळे कैदी छताकडे बघायचे, आणि त्यांच्यात ही एकटी मोकळी बाई मान खाली घालायची. जेथ्रोच्या ताटात मांसाचा मोठा तुकडा पडायला लागला. तंबाखू न मागता मिळायला लागली. एकदा तिने भर ऑगस्टात, सण ना वार, मनुकांची खीर केली, तेव्हा जेथ्रोने विचारलं, "आज कुणाचा वाढदिवस आहे?" ती म्हणाली, मनुका खराब होत होत्या.

आणि चिठ्ठ्या! त्या तर लिहाव्याच लागत. जेथ्रोला अक्षर येत नव्हतं, लिहिणारी तीच. "हा माझा नोकर जेथ्रो पेल, कचेरीतल्या कारकुनांचे सदरे पोचवायला जात आहे, पाच वाजेपर्यंत परत येईल." प्रत्येक चिठ्ठी लिहिताना हात जड व्हायचा. ज्याला विचारायची गरज नव्हती तो माणूस तिच्यासमोर टोपी हातात घेऊन उभा असायचा. तो चिठ्ठी घडी घालून, नीट छातीच्या खिशात ठेवायचा आणि टोपली खांद्यावर घेऊन निघायचा. पाचच्या आत परत.

नऊ महिने असे गेले. डिसेंबरच्या मध्यावर लोकरीच्या गाड्यांबरोबर एमोस आला. अंगणात थर्झा आणि जेथ्रो एक मोठी चादर पिळत होते, एक टोक हिच्या हातात, एक त्याच्या. एमोस उलट्या पिंपावर बसून नोराचा पाव खात बोलत होता. आपल्या मालकाला लोकर धुवायला माणूस हवाय, साबण-पाण्यातलं कळणारा. दोन खोल्यांचं लाकडी घर देणार. शुक्रवारी गाड्या परत निघतात.

"तुझी चार वर्षं कधीच भरली असतील की रे," एमोस म्हणाला. "परवाना कुठे अडकला?"

जेथ्रोने चादरीला आणखी एक पीळ दिला. "ते मालकीणबाईंना विचार," तो म्हणाला. "कागदपत्रं त्या बघतात."

थर्झाच्या हातून टोक सुटलं आणि चादर चिखलात पडली. पुन्हा धुवायला हवी, एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोरा कुंपणाशी डोळे पुसत उभी. तिच्याकडे एक परवानावाला भाडेकरू होता, गरीब माणूस, त्याला शिपाई धरून घेऊन गेले होते. थर्झाने विचारलं, केलं काय त्याने?

"काही नाही गं, तापाने पडला होता, हजेरी चुकली. एकच! परवाना फाडला आणि पाठवला टोळीत बेड्या घालून."

"कसली हजेरी?"

"अगं, दर तीन महिन्यांनी कचेरीत जाऊन परवाना दाखवायचा असतो. त्याच्यावरच लिहिलेलं असतं खाली. तुझ्या जेथ्रोला मिळेल तेव्हा ध्यानात ठेव बाई, हसण्यावारी नेऊ नकोस."

थर्झाने बोटांवर मोजलं. जून, सप्टेंबर, डिसेंबर. तीन हजेऱ्या होऊन गेल्या होत्या. तिला वाटत होतं आपण त्याचे थोडे दिवस लपवून ठेवलेत, मनाला येईल तेव्हा काढून देऊ. पण तो कागद पिठाखाली कधीच मेला होता, आणि जेथ्रोला उचलून न्यायला शिपाई आज आले काय नि उद्या आले काय. वर डॅगेटला तिनेच सांगितलं होतं की दिला म्हणून. म्हणजे कायद्याने गुन्हेगार तोच. एकदा हंडा घासून तिने त्याला समुद्रापार धाडलं होतं, आता हे.

ती आत गेली. पेटी काढली, पिठात कोपरापर्यंत हात घालून पुडकं ओढलं, झटकलं आणि एप्रनखाली धरलं. रविवारची टोपी डोक्यावर चढवली. जेथ्रो इस्त्री तापवत होता. त्याने वर बघून विचारलं, भर कामाच्या वेळी कुठे निघालीस? कचेरीत, ती म्हणाली. तिच्या एका हाताला कोपरापर्यंत पीठ लागलेलं होतं. जेथ्रोने ते बघितलं, क्षणभर इस्त्री तशीच धरून राहिला, मग म्हणाला, "ऊन आहे. सावलीसावलीने जा."

कचेरीत व्हिटलो नावाचा म्हातारा कारकून होता. सदरे त्याचेच असत. थर्झाने टेबलावर पुडकं ठेवलं आणि वाटभर घोकलेलं एका दमात सांगून टाकलं. हा माझ्या नवऱ्याचा परवाना. मार्चमध्ये आला, मी दडवून ठेवला, त्याला माहीतच नाही. हजेऱ्या चुकल्या त्या माझ्यामुळे. बेड्या घालायच्या तर मला घाला, त्याला टोळीत पाठवू नका.

व्हिटलोने चष्मा नाकावर खाली घेऊन तिच्याकडे पाहिलं. तिने गाठ सोडली. त्याने कागद उलगडला, वाचला, मग उलटून मागची बाजू बघितली आणि तिच्यासमोर धरला.

"बाई, उन्हाने डोकं फिरलंय का तुमचं?" तो म्हणाला. "कुठली हजेरी चुकली? हे बघा की."

कागदाच्या मागच्या बाजूला तीन ओळी होत्या, काळ्या शाईत, व्हिटलोच्याच तिरप्या अक्षरात. जूनची तारीख, हजर. सप्टेंबरची तारीख, हजर. डिसेंबरची तारीख, हजर. कोपऱ्यात अंगठ्याचा फिकट निळा डाग.

व्हिटलो सांगत होता, की जेथ्रो सदरे घेऊन येतो तेव्हाच हजेरी उरकून घेतो, रांगेत सगळ्यांच्या आधी, असा नेमाचा माणूस दुसरा नाही. थर्झा त्या तीन ओळी बघत राहिली. मग ती हळूच म्हणाली, की काही नाही साहेब, खात्री करून घ्यायची होती. कागद तिने घडी घालून हातात घेतला. ती दाराशी पोचली तेव्हा व्हिटलोने मागून सांगितलं, की कॉलरला खळ जरा जास्त घाला, दुपारपर्यंत मऊ पडते.

घरी जायचं सोडून ती नदीकाठी एका ओंडक्यावर जाऊन बसली. आधी आला तो राग. नऊ महिने हा माणूस आपल्याला खेळवत होता! खीर खात होता, तंबाखू ओढत होता, आणि आपण दर रविवारी गाठ चाचपतोय. मग राग ओसरला आणि तिला दिसायला लागलं, की त्याने तीनदा पिठात हात घातला, तीनदा गाठ सोडली, तीनदा कचेरीत जाऊन आपण मोकळे आहोत असं लिहून घेतलं, आणि तीनदा परत येऊन, कागद गुंडाळून, तशीच गाठ मारून ठेवला. नऊ महिने मोकळा माणूस तिच्याकडे रस्ता ओलांडायची परवानगी मागत होता. ती रडली. बरीच रडली, लाज वाटून रडली आणि सुटल्यासारखं वाटून रडली, आणि कोणतं रडणं कुठे संपलं ते तिलाही सांगता आलं नसतं.

ती घरी आली तेव्हा जेथ्रो शेवटच्या सदऱ्याची घडी घालत होता. तिने परवाना उघडा करून इस्त्रीच्या टेबलावर ठेवला, ओळी लिहिलेली बाजू वर.

"कधी सापडला तुला?" तिने विचारलं.

"पहिल्याच आठवड्यात. पेटी काढायला मला हाक मारायचीस, ती एकाएकी स्वतःच उचलायला लागलीस. थर्झे, अगं, चोराच्या घरात वस्तू लपवायची काही रीत असते की नाही?"

"आणि गाठ?"

"तुझी गाठोडी रोज कोण सोडतं?"

तिला हसू आलं नाही. "मग बोलला का नाहीस?"

जेथ्रोने इस्त्री चुलीच्या कडेला उभी केली. कागद सापडला त्या दिवशी मी तो घेऊन निघालो होतो, तो म्हणाला, पश्चिमेच्या रस्त्याला, टोलनाक्यापर्यंत गेलो. डोंगर समोर दिसत होते. पण दुसऱ्याने ठेवलेली वस्तू खिशात घेऊन मला पुढे पाऊल टाकता येईना, तुला माझी खोड माहीत आहे. म्हणून परत आलो, होती तिथे ठेवली.

"ती तुझीच होती," थर्झा म्हणाली.

"माझी होती, पण तू द्यायची होतीस. मागितला असता तर नोकराने मालकिणीकडे मागितल्यासारखं झालं असतं. मला बायकोच्या हातून हवा होता." त्याने सदऱ्याची कॉलर उगाच सारखी केली. "खोड्यात मी तुला जे बोललो ना, ते नंतर मला फार लागलं. म्हटलं, देईल तेव्हा देईल. थांबू."

"आणि मी दिलाच नसता तर?"

"शिक्षेची दोन वर्षं उरलीत. तेवढी खीर खाल्ली असती."

आता मात्र ती हसली, नाक पुसत हसली. मग तिने परवाना उचलून त्याच्या हातात दिला, नीट, दोन्ही हातांनी, आणि म्हणाली, "घे. हा तुझा. शुक्रवारी एमोसच्या गाड्या निघतायत. तुला जायचं असेल तर मी आडवी येणार नाही. अर्ज मी लिहून देते."

जेथ्रोने कागद घेतला, घडी घातली, छातीच्या खिशात ठेवला. जातो म्हणाला नाही, राहतो म्हणाला नाही. टोपलीत सदरे भरले, वर पांढरं फडकं टाकलं आणि दारात जाऊन टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"कारकुनाचे सदरे पोचवायचेत. चिठ्ठी देतेस ना?"

"आता कशाला चिठ्ठी?"

"दे गं. खिशात नसली की चुकल्यासारखं होतं."

तिने दौत ओढली. हा जेथ्रो पेल, तिने लिहिलं, आणि नोकर हा शब्द गाळला. कचेरीतल्या कारकुनांचे सदरे पोचवायला जात आहे. परत यायची वेळही तिने घातली नाही. शाई वाळवून चिठ्ठी त्याला दिली. त्याने ती नेहमीसारखी उलटसुलट बघितली, वाचता येत असल्यासारखी, आणि टोपली खांद्यावर घेऊन निघाला.

ती खळ करायला बसली. त्या दिवशी खळीत गुठळ्या झाल्या, आयुष्यात पहिल्यांदा. ती काही दाराकडे बघत नव्हती, म्हणजे तसं तिने पुढे नोराला सांगितलं.

पाचला पाच मिनिटं कमी असताना जेथ्रो रिकामी टोपली घेऊन परत आला.